दात काढा, पण बांध राखा

बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी दाताच्या दवाखान्यात तासभर बसावे. एक वाक्य हमखास कानावर पडते. "डॉक्टर, पाचची एसटी हाय. तेवढा दात उपटून टाका, म्हंजे मी मोकळा." बाजार करायचा, खताच्या पोत्यांचे सांगून ठेवायचे, बँकेतली सही उरकायची आणि जाता जाता दातही काढून घ्यायचा, असा आपल्याकडचा हिशेब. दात म्हणजे जणू पायात मोडलेला बाभळीचा काटा. निघाला की ठणका थांबला, ठणका थांबला की विषय संपला.

विषय तिथे संपत नाही. दात निघाल्यावर जबड्याच्या हाडाचे काय होते, हे आमच्या घरात आम्ही अनुभवाने शिकलो. उशिरा शिकलो, म्हणूनच ते वाचकांना सांगावेसे वाटते.

अण्णांची कपची

आमच्या वडिलांना सारे गाव अण्णा म्हणते. दहा-बारा वर्षांमागची गोष्ट. संध्याकाळी औत सोडताना ते वाकायला आणि बैलाने मान झटकायला एकच गाठ पडली. शिंगाचा फटका वरच्या पुढच्या दाताला बसला. दात पडला नाही, पण मुळात तडकला. चार महिने अण्णांनी लवंग धरून काढले. हिरडीतून पू यायला लागला तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

बाहेर बाकावर गर्दी. आत दात काढणाऱ्याला घाई, अण्णांना एसटीची घाई. भूल पुरती चढायच्या आत चिमटा लागला. दोन हिसके, एक पीळ आणि दात बाहेर. पाच मिनिटांचे काम. दाताला चिकटून नखाएवढी पांढरी कपची आली होती. अण्णांनी तो दात कागदात बांधून घरी आणला आणि आम्हाला दाखवला. "बघा, केवढं मूळ होतं!" आम्हीही माना डोलावल्या. पण ती कपची मुळाची नव्हती. अण्णांच्या जबड्याची ओठाकडची भिंत त्या दाताबरोबर निघून आली होती.

गेल्या वर्षी नातीचे लग्न ठरले. तेव्हा अण्णांनी मनावर घेतले, की आता पक्का दात बसवून घ्यायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर बाईंनी जबड्याचा स्कॅन काढला आणि पडद्यावर दाखवला. जिथे बोटभर रुंद हाड असायला हवे, तिथे विळ्याच्या पात्यासारखी धार उरली होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "अण्णा, खुंटी ठोकायची तर भिंत पाहिजे. इथं भिंतच राहिली नाही." आधी हाडाची भर घालायची, सहा-आठ महिने थांबायचे, मग इम्प्लांट, मग पुन्हा थांबायचे. खर्च जवळजवळ दुप्पट आणि खेपा वेगळ्या.

अण्णा म्हणाले, "राहू द्या. या वयात कुणाला दात दाखवायचेत?" पण लग्नातल्या प्रत्येक फोटोत अण्णांच्या तोंडावर उपरण्याचे टोक आहे.

दात हाडात कसा बसलेला असतो?

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला असेल, असे आपल्याला वाटते. तसे नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट असते. त्या फटीत हजारो बारीक तंतू असतात. बाजेवर माणूस सुंभाच्या विणीवर तोलला जातो, तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. भातात खडा लागला की मेंदूपर्यंत कळ जाते, ती याच तंतूंमुळे.

तंतूंचे दुसरे टोक ज्या हाडाच्या थरात रुतलेले असते, तो थर दातासाठीच जन्मलेला असतो. दात आहे तोवर तो आहे. दात गेला, तंतू गेले, की त्याचे काम संपते आणि शरीर तो थर हळूहळू विरघळवून टाकते. वरच्या पुढच्या दातांपाशी ओठाच्या बाजूची भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि बऱ्याचदा ती सगळीच्या सगळी याच थराची बनलेली असते. म्हणून तिथले हाड सर्वांत आधी खचते.

हे किती वेगाने होते? डेन्मार्कमधील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दाढ किंवा उपदाढ काढलेल्या ४६ जणांची ती जागा वर्षभर मोजण्यात आली. सुरुवातीला सरासरी १२ मिलिमीटर असलेली रुंदी वर्षाअखेर ६ मिलिमीटरच्या आसपास आली. म्हणजे निम्मी. आणि या घटीपैकी दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली.

ही गत सरळपणे काढलेल्या दाताची. मग ज्याची भिंतच हिसक्यात तुटली, त्याचे काय होणार? उताराच्या रानात बांध फुटला की एका वळवात माती ओढ्याला लागते. मागून कितीही ट्रॉल्या ओतल्या तरी पहिल्यासारखे रान व्हायला वर्षे जातात. जबड्याचेही तसेच. ओठाकडची पातळ भिंत हा बांध आहे. तो शाबूत राहिला तर आतली जागा नव्या हाडाने भरते. तो फुटला तर हिरडी आत कोसळते आणि तिथे खड्डा पडतो.

इम्प्लांटला हाडच का लागते?

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियम धातूचा स्क्रू. त्याच्यावर नंतर दाताची टोपी बसते. ही विद्या निघाली स्वीडनमध्ये. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास हाड कसे भरून येते हे पाहण्यासाठी सशाच्या पायात टायटॅनियमची बारीक नळी बसवून अभ्यास करीत होते. अभ्यास संपल्यावर नळी काढू गेले, तर ती निघेना. हाडाने धातूला आपलेसे करून टाकले होते. पुढे १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले. तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते त्याच दातांनी जेवत होते.

यातली खुबी धातूत जेवढी, तेवढीच हाडात. स्क्रूच्या चहूबाजूंनी जिवंत हाड असले तरच ते त्याला धरते. म्हणजे इम्प्लांटची तयारी इम्प्लांटच्या दिवशी सुरू होत नाही. ती दात काढण्याच्या दिवशी सुरू होते.

वापसा आल्यावर भुईमूग उपटावा

लग्नानंतर दोन महिन्यांनी आमच्या थोरल्या वहिनींची खालची दाढ काढायची वेळ आली. कीड मुळापर्यंत गेली होती आणि एक मूळ उभे चिरले होते, त्यामुळे रूट कॅनाल करून दाढ वाचण्यासारखी नव्हती. या खेपेला अण्णा स्वतः सोबत गेले, मीही गेलो.

डॉक्टर बाईंनी आधी एक्स-रे काढून मुळे कुठे वळली आहेत ते पाहिले. भूल दिली आणि दहा मिनिटे नुसत्या थांबल्या. मग हिरडीला टोचून विचारले, "दुखतंय?" नाही म्हटल्यावरच पुढचे काम.

चिमटा त्यांनी हातात घेतलाच नाही. आधी घेतले पातळ पात्याचे हत्यार. त्याला पेरिओटोम म्हणतात. दात आणि हाड यांच्यामधल्या त्या बारीक फटीत ते पाते सरकवायचे आणि दाताभोवती फिरत फिरत तंतू सोडवायचे. नंतर ड्रिलने दाढेचे दोन तुकडे केले, कारण खालच्या दाढेला दोन मुळे असतात आणि दोन्ही वेगळ्या दिशांना फाकलेली. दोन्ही एकदम ओढली तर मधले हाड तरी तुटते नाहीतर मूळ तरी. तुकडे केले की एकेक मूळ आपापल्या वाटेने निघते. मग लक्झेटर नावाचे, थोडे जाड पात्याचे हत्यार फटीत घालून सावकाश दाब. हिसका नाही. दाब दिला की धरून ठेवायचा. हाड किंचित लवचिक असते, दाब धरला की ते जागा देते, उरलेले तंतू तुटतात आणि मूळ आपोआप वर यायला लागते. चिमटा लागला तो शेवटी, मोकळे झालेले मूळ उचलून घेण्यापुरता.

मला भुईमुगाची आठवण झाली. कोरड्या रानात वेल ओढला तर वेल हातात येतो आणि शेंगा जमिनीतच राहतात. पाणी देऊन, वापसा आल्यावर उपटला तर शेंगांसकट अलगद येतो. ताकद तीच, फरक आधीच्या तयारीचा.

सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं अजून सुरुवातच व्हायचीय."

हिरडीलाही डॉक्टर बाईंनी फारसा धक्का लावला नाही. हाडाच्या बाहेरच्या अंगाला रक्त पोचते ते त्याच्यावरच्या आवरणातून. हिरडी आणि आवरण सोलून बाजूला केले की ते रक्त काही काळ तुटते. म्हणून गरज नसताना चीर द्यायची नाही. पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्रत्येक दात असा निघत नाही. आडवी अडकलेली अक्कलदाढ, हाडाला चिकटून बसलेले मूळ, अशा वेळी हिरडी उघडून थोडे हाड काढावेच लागते. ती डॉक्टरची चूक नव्हे. चूक होते ती घाईत, दिसत नसताना जोर लावण्यात.

खोबण भरायची की नाही?

दात निघाल्यावर जी खोबण राहते, तिच्यातली सडलेली पेशी खरवडून काढतात, ती मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुतात आणि चारी भिंती शाबूत आहेत का ते सळईने तपासतात. पुढे इम्प्लांट करायचे असेल, विशेषतः पुढचा दात असेल किंवा भिंत पातळ असेल, तर खोबणीत हाडाची भुकटी भरून वर पातळ पडदा लावतात आणि टाका घालतात. चार ते सहा महिन्यांत त्या भुकटीच्या आधाराने आपले हाड तयार होते. यामुळे हाड खचणे पूर्ण थांबत नाही, बरेच कमी होते. मागच्या दाढेला भिंती जाड आणि धड असतील तर ही भर घालावी लागतेच असे नाही.

ही भुकटी कशाची असते, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. काही भुकट्या माणसाच्या दान केलेल्या हाडापासून, काही गुरांच्या हाडापासून आणि काही रासायनिक क्षारांपासून कारखान्यात बनवलेल्या असतात. पडदेही बऱ्याचदा जनावरांच्या कातड्यापासून केलेले असतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधीच सांगावे. कृत्रिम भुकटी मिळते. शिवाय आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याची घट्ट जेलीसारखी गोळी करतात आणि ती खोबणीत ठेवतात. हिरडी भरून यायला तिची मदत होते.

काही वेळा दात काढला त्याच बैठकीत इम्प्लांट बसवतात. पण त्यासाठी भिंती शाबूत हव्यात, पू नको आणि स्क्रू घट्ट धरायला खाली पुरेसे हाड हवे. हे नसेल तर हिरडी भरून येईपर्यंत दीड-दोन महिने, किंवा भर घातली असेल तर चार-सहा महिने थांबणे बरे. मात्र "बघू पुढच्या सुगीला" असे म्हणत तीन वर्षे घालवली, तर हाड आपली वाट बघत बसत नाही.

"आम्हाला कुठं परवडतंय?"

गावात हे सांगितले की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे. इम्प्लांट अजूनही महागच आहे. मग हलक्या हाताने दात काढायचा तो कशाला?

कारण कवळीसुद्धा त्याच हाडावर बसते. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या खालच्या जबड्याचे हाड झिजून सपाट झाले, त्याची कवळी बोलताना हलते, जेवताना उचलते आणि शेवटी डब्यात पडून राहते. मग भाकरी चहात बुडवून खायची, शेंगदाणे कुटून खायचे, हरभऱ्याला हात लावायचा नाही. आपल्या प्रत्येक वाड्या-वस्तीवर अशी माणसे आहेत. त्यांना दात नाहीत एवढेच आपण बघतो. पण कवळी ज्यावर टेकायची ते हाडही गेलेले असते.

यावर एक जुना आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे. सगळेच दात काढायची पाळी आली, तरी खालचे दोन सुळे घट्ट असतील तर ते मुळासकट काढू नयेत. त्यांचे रूट कॅनाल करून ते हिरडीच्या वर थोडेसे ठेवून कापतात आणि त्यांच्यावर कवळी बसवतात. मूळ राहिले की तंतू राहतात, तंतू राहिले की भोवतीचे हाड राहते. सुळ्यांची मुळे लांब असतात, बांधावरच्या जुन्या झाडासारखी ती माती धरून ठेवतात. ज्यांचे सगळे दात आधीच गेले आहेत, त्यांच्यासाठी खालच्या जबड्यात निदान दोन इम्प्लांट घालून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी द्यावी, असे कॅनडात माँट्रियल येथे २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटले होते. तोंडभर इम्प्लांट लागतातच असे नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. ज्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आहेत तिथेही दात काढता येतो. आणि हलक्या हाताला लागतो तो मुख्यतः वेळ. तो डॉक्टरनेही द्यायचा आहे आणि आपणही.

पहिले चोवीस तास आपल्या हातात

डॉक्टरने बांध राखला आणि आपण घरी येऊन तो फोडला, असेही होते. खोबणीत जी रक्ताची गुठळी बसते ते नव्या हाडाचे बियाणे समजा. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. त्या दिवशी थुंकू नये, चूळ भरू नये, जीभ किंवा बोट लावू नये. मऊ आणि गार खावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात हलकेच धरून सोडावे.

आणि मिश्री. आपल्याकडच्या बायाबापड्या दात काढून आल्या की "तोंड आंबलंय" म्हणून संध्याकाळीच मिश्री लावतात. तंबाखू, विडी आणि मिश्री यांनी जखमेचे रक्त आटते. गुठळी निघून गेली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उघड्या हाडाचा असा ठणका लागतो की कानापर्यंत कळ जाते. तसे झाले तर घरी गोळ्या खात बसू नये, परत डॉक्टरकडे जावे. जखम पुरती भरेपर्यंत तंबाखू बंद. तंबाखू कायमची सुटली तर इम्प्लांटही जास्त टिकते आणि माणूसही.

दात काढण्याआधी एवढे विचारा, एवढे सांगा

१. हा दात वाचण्यासारखा आहे का? नसेल तर का नाही?

२. एक्स-रे काढणार आहात ना?

३. पुढे तिथे काय बसवता येईल: इम्प्लांट, पूल की कवळी? त्यासाठी खोबण भरावी लागेल का आणि त्याचा खर्च किती?

४. मधुमेह, बीपी, हृदयाचा आजार असेल तर सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.

५. हाडे ठिसूळ झाली म्हणून किंवा कर्करोगासाठी इंजेक्शन-गोळ्या घेतल्या असतील, किंवा तोंडाला, मानेला किरणांचे उपचार झाले असतील, तर दात काढण्याआधी हे सांगितलेच पाहिजे. अशा वेळी जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.

६. दात काढणारा नोंदणी असलेला दंतवैद्य आहे का, हे बघा. बाजारात फडके पसरून बसणाऱ्याच्या हातात जबडा देऊ नका.

वहिनींच्या खोबणीत भर घालावी लागली नाही. भिंती शाबूत होत्या. तीन महिन्यांनी हिरडी भरून आली, बोट फिरवले तर कुठे खड्डा लागत नाही. इम्प्लांट करायचे ते उसाचे बिल आल्यावर करू, असे ठरले आहे. करायचे म्हटले तर तिथे आता जागा आहे, एवढे मात्र नक्की.

त्या दिवशी वहिनी खुर्चीत बसल्या, तेव्हा डॉक्टर बाई काही विचारायच्या आतच अण्णा पुढे झाले होते. उपरण्याचे टोक तोंडावर धरूनच म्हणाले, "बाई, घाई करू नका. एसटी गेली तर आम्ही स्टँडवर झोपू, पण सूनबाईचा दात सावकाश काढा."